काळी जमीन आणि तिच्यावरची हवा

प्राथमिक शाळेच्या भूगोलात जमिनीचा पाठ वेगळा असतो आणि हवेचा वेगळा. एकात काळी, तांबडी, गाळाची असे जमिनीचे प्रकार येतात. दुसऱ्यात वारा, ढग आणि पाऊस. ही विभागणी शिकविण्याच्या सोयीची आहे यात शंका नाही. तथापि तिच्यामुळे मुलांच्या मनात एक समजूत घर करून राहते. हवामान ही आकाशातून उतरणारी एक स्वतंत्र शक्ती आहे आणि जमीन बिचारी ते निमूटपणे सोसते, असे त्यांना वाटू लागते. वस्तुतः जमीन आणि हवा यांच्यात रात्रंदिवस देवघेव चालू असते. उष्णता आणि पाणी यांची या व्यवहारात सतत ने-आण होते, वाऱ्याचा वेगही जमिनीशी होणाऱ्या घर्षणात खर्ची पडतो, आणि शेतकऱ्याच्या पिकाचे बरेवाईट पुष्कळ अंशी याच व्यवहारावर ठरते.

हा विषय वर्गात काढावयाचा तर एका साध्या प्रश्नाने प्रारंभ करणे इष्ट होय. डोंगरावर चढले की आपण सूर्याच्या जवळ जातो. मग महाबळेश्वरास वाईपेक्षा थंडी अधिक का? बहुतेक मुले या प्रश्नाने गोंधळतात. मोठी माणसेही गोंधळतात. सूर्य आपल्यापासून सुमारे पंधरा कोटी किलोमीटर दूर आहे. त्यात एखाद्या किलोमीटरची चढण म्हणजे काहीच नव्हे, हे मुलांना लवकर पटते. खरे उत्तर मात्र पुढे आहे. सूर्याचे किरण हवेतून येताना हवेला फारसे तापवीत नाहीत. पृथ्वीकडे येणाऱ्या एकंदर सौर उष्णतेपैकी सुमारे निम्मी उष्णता जमीन आणि समुद्र शोषून घेतात. हवा आणि ढग वाटेत शोषतात तो भाग पाचव्या हिश्शाहून थोडासाच अधिक असतो, आणि उरलेली उष्णता परत अवकाशात फेकली जाते. म्हणजे सूर्य आधी जमिनीला तापवितो आणि जमीन मग हवेला तापविते. चुलीवरचा तवा तापतो आणि तव्यावरची हवा त्याच्यामुळे तापते, तसाच हा प्रकार. जो तव्यापासून जितका दूर, त्याला धग तितकी कमी. शिवाय वर चढणारी हवा विरळ होत जाते, पसरते आणि पसरताना थंड होते. सरासरीने पाहता दर किलोमीटर उंचीस तापमान साडेसहा अंशांनी उतरते, ते या दोन कारणांनी.

एकदा जमीन हाच तवा आहे हे ध्यानात आले, की जमीन कशी आहे याला एकदम महत्त्व येते. सर्व जमिनी सारख्या तापत नाहीत. नव्याने पडलेला हिमाचा थर सूर्यप्रकाशाचा शेकडा ८० हून अधिक भाग परतवितो. कोरडी, पांढरट वाळू सुमारे तिसरा हिस्सा परतविते. दख्खनची काळी जमीन मात्र फारच थोडा प्रकाश माघारी पाठविते, आणि ती ओली असली म्हणजे आणखी थोडा. बाकीची सारी उष्णता ती पोटात घेते. चैत्र-वैशाखात भर दुपारी अनवाणी चालणाऱ्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. सावलीतील हवेचे तापमान ४० अंश असताना उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर गेलेला असतो. आश्चर्य असे, की त्याच ठिकाणी हातभर खोल खणले तर दिवसाचा आणि रात्रीचा फरक जवळजवळ लागत नाही. उंदीर, खेकडे, साप उन्हाळ्यात बिळात का जातात याचे उत्तर येथे मिळते.

या विषयाचा अभ्यास पुण्यातच फार पूर्वी सुरू झाला, ही गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जात नाही. भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, आणि १९३२ साली तेथे कृषि-हवामानशास्त्राची शाखा निघाली. तिचे नेतृत्व डॉ. एल. ए. रामदास यांच्याकडे होते. सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली संशोधनात तयार झालेल्या या शास्त्रज्ञाने आपली दृष्टी आकाशाकडून पायाखाली वळविली. पिके उंच आकाशात वाढत नाहीत, ती जमिनीलगतच्या दोन-चार हात हवेत वाढतात. तेव्हा तेथील उष्णता, ओलावा आणि वारा मोजला पाहिजे, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. पुण्याच्या काळ्या जमिनीवर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या दशकात जे प्रयोग केले, त्यांतील एक तर कोणत्याही शाळेच्या अंगणात करून पाहता येईल इतका सोपा आहे. जमिनीच्या एका तुकड्यावर त्यांनी खडूच्या पुडीचा पातळ थर पसरला. शेजारचा तुकडा तसाच काळा ठेवला. माती तीच, ऊन तेच, वारा तोच. परंतु पांढऱ्या थराखालची जमीन स्पष्टपणे थंड राहिली. वरवरच्या रंगाने आतील उष्णतेचा सारा हिशेब बदलला.

हिशेब हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. जमिनीने घेतलेल्या उष्णतेचा जमाखर्च मांडता येतो. काही उष्णता जमीन अदृश्य किरणांच्या रूपाने पुन्हा वर सोडते. काही मातीत खाली झिरपते. काही लगतच्या हवेला तापविण्यात जाते. आणि जमिनीत ओल असेल, तर फार मोठा भाग पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो. हा शेवटचा खर्च किती मोठा आहे याची कल्पना सहसा येत नाही. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास एक कॅलरी उष्णता लागते; त्याच पाण्याची वाफ करण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात. एक हेक्टर शेतातून एक मिलिमीटर पाणी उडून गेले, तर ते दहा हजार लिटर होते, आणि त्याच्या वाफेसाठी लागलेली उष्णता सुमारे एक टन चांगला दगडी कोळसा जाळल्याने मिळणाऱ्या उष्णतेएवढी भरते. पाणी दिलेल्या उसाच्या शेतातून उन्हाळ्याच्या दिवशी पाच मिलिमीटर पाणी सहज उडते. म्हणजे हेक्टरी पाच टन कोळशाची उष्णता रोज हवेला तापविण्याऐवजी वाफेच्या कामी लागली. बागाइतातून जिराइताच्या बांधावर पाय ठेवताच उन्हाची झळ अंगावर का येते, हे या आकड्यांवरून उमजते. ऊन दोहोंकडे सारखेच असते. एकीकडे ते पाण्यावर खर्च झाले, दुसरीकडे माती आणि हवा तापविण्यावर.

मात्र वाफेत गेलेली उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेबरोबर वर जाते, आणि ज्या उंचीवर वाफेचे पुन्हा पाणी होऊन ढग बनतो, तेथे ती मोकळी होते. ढगाला अधिक वर ढकलणारे बळ तीच देते. अशा रीतीने शेतात शोषलेली उष्णता काही तासांनी, कधी शेकडो कोसांवर, आकाशात प्रकट होते.

आपल्या पठारावर वैशाखातील दुपार पाहिली तर हा सारा व्यवहार डोळ्यांपुढे घडताना दिसतो. सकाळी हवा शांत असते. दहा-अकराच्या सुमारास तापलेल्या शेतावरील हवा हलकी होऊन बुडबुड्यांसारखी वर सुटू लागते. बारानंतर रिकाम्या शेतांतून वावटळी उठतात. पालापाचोळा गरगरत वर जातो. आकाशात घारी पंख न हलविता घिरट्या घालीत उंच चढतात, कारण वर जाणारी हवाच त्यांना उचलीत असते. मुलांना घारी मोजावयास सांगावे. सकाळी आठ वाजता आणि दुपारी दोन वाजता त्यांच्या उडण्यातील फरक त्यांना दिसेल. जमिनीच्या उष्णतेने ढवळलेला हवेचा हा थर पावसाळ्यापूर्वीच्या दिवसांत दोन-तीन किलोमीटर जाडीचा होतो. त्यात समुद्राकडून आलेली पुरेशी वाफ मिसळली असेल, तर तिसऱ्या प्रहरी कापसाच्या ढिगांसारखे ढग उभे राहतात आणि सायंकाळी विजांच्या कडकडाटासह वळीव कोसळतो. वाफ नसेल तर नुसती धूळ उडते आणि सूर्य तांबूस होऊन मावळतो. वळवाला जमीन आणि समुद्र दोघांचीही गरज असते, ती अशी.

वळीव पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी काय घडते, हा प्रश्न त्याहून अधिक मनोरंजक आहे, आणि त्याचे उत्तर सरळ नाही. भिजलेल्या जमिनीवरून वाफ अधिक उठते. हवा दमट होते. म्हणून तेथे पुन्हा पाऊस पडण्यास मदत व्हावी असे वाटते. उलट भिजलेली जमीन कमी तापते, त्यामुळे हवा वर उचलणारे बळ कमी होते; म्हणून शेजारच्या कोरड्या, तापलेल्या भागावरच ढग आधी उठावेत असेही घडते. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात आढळल्या आहेत. कोठे कोणती प्रबळ ठरेल हे प्रदेश, ऋतू आणि वरच्या हवेची स्थिती यांवर अवलंबून असते. निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी अनेक संगणकीय प्रतिमाने एकत्र ताडून २००४ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. जमिनीतील ओलीचा उन्हाळी पावसावर ठळक प्रभाव पडतो असे काही थोडेच प्रदेश पृथ्वीवर आहेत. त्यांत उत्तर अमेरिकेची मध्य मैदाने, आफ्रिकेचा साहेल पट्टा आणि भारताचा काही भाग यांचा समावेश होतो. या सर्व प्रदेशांत एक साम्य आहे. ते फार कोरडेही नाहीत आणि फार ओलेही नाहीत. वाळवंटात उडण्यास पाणीच नसते, आणि घनदाट पावसाच्या प्रदेशात ते नेहमीच भरपूर असते. थोड्याशा ओलीने पारडे फिरते ते मधल्या पट्ट्यात. आपली अवर्षणप्रवण गावे याच मधल्या पट्ट्यात मोडतात.

ओलीच्या गोष्टीवरून कोळपणीकडे वळणे योग्य होईल. पाऊस संपल्यावर काळ्या जमिनीला भेगा पडतात. या भेगांतून कोरडी हवा खोलवर शिरते आणि खालची ओल उडवून नेते. शेतकरी कोळपे फिरवितो तेव्हा तण निघतेच, परंतु त्याहून मोठे काम घडते. भेगा बुजतात आणि वर भुसभुशीत, कोरड्या मातीचा थर तयार होतो. खालचे पाणी केसासारख्या बारीक वाटांनी वर चढत असते. त्या वाटा या थरापाशी तुटतात. म्हणूनच अनुभवी शेतकरी एका कोळपणीला अर्ध्या पाण्याइतके मानतो. एक मीटर खोल भारी काळी जमीन पिकास घेता येईल असे सुमारे २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवू शकते, आणि सोलापूरकडील रब्बीची ज्वारी पावसाचा थेंब न पडता कणसावर येते ती याच साठ्यावर. हा साठा पिकाच्या पानांतून हवेत जावा की नुसत्या भेगांतून, एवढाच प्रश्न असतो. आणि वर्षाची भाकरी त्या प्रश्नावर अवलंबून असते.

आता रात्रीचा व्यवहार पाहू. सूर्य मावळला की जमा थांबते, खर्च मात्र चालू राहतो. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल, तर जमीन आपली उष्णता किरणरूपाने अवकाशाकडे सोडीत वेगाने थंड होते. ढग असले तर ते खालून येणारी उष्णता शोषून काही भाग परत पाठवितात. म्हणून ढगाळ रात्र उबदार असते. थंड झालेली जमीन लगतच्या हवेला थंड करते, आणि थंड हवा जड असल्याने ती खालीच साचून राहते. दिवसा जे खाली गरम आणि वर थंड होते, ते आता उलटे होते. पौष-माघातील पहाटे गावच्या चुलींचा धूर थोडा वर जाऊन आडवा पसरतो, तो या उलट्या थरामुळेच. दव, दहिवर आणि खोलगट जागी साचणारे धुके ही याचीच अपत्ये होत.

या ठिकाणी पुण्याच्या शास्त्रज्ञांना एक विलक्षण गोष्ट आढळली. जमीन सर्वांत अधिक थंड होते, म्हणून सर्वांत थंड हवा अगदी मातीला चिकटून असली पाहिजे, असे त्या काळचा प्रत्येक ग्रंथ सांगत होता. रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन् यांनी उघड्या जमिनीवर, शांत रात्री, निरनिराळ्या उंचीवर तापमान मोजले. सर्वांत थंड हवा मातीला लागून नव्हती; ती वीतभर ते हातभर वर होती, आणि खाली जमिनीपाशी हवा काही अंशांनी उबदार होती. हा शोध १९३२ साली प्रसिद्ध झाला. पाश्चात्त्य पंडितांचा त्यावर विश्वास बसेना. उपकरणांची चूक असावी, किंवा दुसरीकडून थंड हवा वाहून आली असावी, असे आक्षेप निघाले. आक्षेप अगदीच निराधार नव्हते. खाली उबदार आणि वर थंड अशी हवा स्थिर राहू नये, ती लगेच उलथावी, असे पदार्थविज्ञान सांगते. परंतु पुढे इतर देशांतही तेच निरीक्षण हाती आले आणि ‘रामदास थर’ हे नाव शास्त्रात रूढ झाले. खुलासा मात्र साठ वर्षे लांबला. बंगळूर येथील शास्त्रज्ञांनी १९९३ साली त्याची गणिती उपपत्ती मांडली. तीत, हवा स्वतःही किरणरूपाने उष्णता गमावते आणि मातीला मात्र खालून साठलेली उष्णता मिळत राहते, या गोष्टींना मुख्य स्थान होते. पुढील काळात तेथेच झालेल्या प्रयोगांनी जमिनीलगत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचाही त्यात मोठा भाग असल्याचे दाखविले. हातभर उंचीच्या हवेतही एवढे गूढ दडलेले असते, ही गोष्ट वरच्या वर्गातील मुलांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

हे ज्ञान केवळ ग्रंथांत राहण्यासारखे नाही. नाशिक जिल्ह्यात निफाडच्या परिसरात थंडीची लाट आली म्हणजे पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, आणि द्राक्षबागाइतदाराची झोप उडते. थंडीने मण्यांची फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात, आणि कधी पानांवर हिम साचून कोवळे शेंडे करपतात. वर्षभराचा खर्च आणि कर्ज एका पहाटेवर टांगलेले असते. मग पहाटे बागेत शेकोट्या पेटतात आणि पाणी सोडले जाते. हे उपाय बरोबर आहेत, परंतु ते का बरोबर आहेत याविषयी गैरसमज आहेत. धुराचे पांघरूण बागेला ऊब देते अशी समजूत सर्वत्र आढळते. वास्तविक धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांना ते फारसे अडवीत नाहीत. उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा, आणि ती उष्णता हवेला हलवून वरचा उबदार थर खाली मिसळविते त्याचा. म्हणूनच एक मोठा जाळ करण्यापेक्षा लहान लहान पुष्कळ शेकोट्या अधिक गुणकारी ठरतात. मोठ्या जाळाची गरम हवा उबदार थरही भेदून सरळ वर निघून जाते आणि बाग थंडच राहते. पाण्याचेही तसेच. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते आणि रात्री ती खालून वर चांगली पोहोचविते. कोरडी, भुसभुशीत माती मात्र गोधडीसारखी उष्णता खालीच अडकवून ठेवते आणि वरची हवा गारठते.

येथे कोळपणीचा उलटा गुण ध्यानात घेण्यासारखा आहे. भुसभुशीत थर ओल राखतो हे खरे. परंतु तोच थर रात्रीची थंडी वाढवितो. ओल राखण्यासाठी जे करावे, तेच थंडीच्या लाटेच्या तोंडावर टाळावे लागते. शेतीत एकच उत्तर सर्व प्रसंगी लागू पडत नाही ते असे. तसेच थंड हवा पाण्यासारखी उताराने वाहते आणि सखल जागी साचते. बागेच्या खालच्या अंगाला दाट कुंपण असेल तर त्यापाशी तिचे तळे होते. तेथे वाट मोकळी ठेवली तर थंडी पुढे निघून जाते. उतारावरील गावांतील जाणती माणसे हे जाणतात.

जमिनीच्या उंचसखलपणाचा परिणाम मुलांना पाठ्यपुस्तकातून परिचित असतोच, म्हणून त्याचा केवळ उल्लेख पुरे. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, थंड होते आणि पाणी सोडून देते. महाबळेश्वरास वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर पूर्वेस असलेल्या वाईस त्याचा साधारण सातवा-आठवा हिस्सा मिळतो. कोकणच्या किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात. मतलईवर होड्या समुद्रात घालणाऱ्या कोळ्यांना या ज्ञानासाठी शाळेत जावे लागले नाही. जमीन लवकर तापते व लवकर निवते, पाणी दोन्ही बाबतींत मंद असते, हे त्याचे कारण. मोसमी वारे म्हणजे हाच खेळ खंडाच्या प्रमाणावर, असे मत एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिर्विदाने १६८६ साली मांडले. मोसमी वाऱ्यांची आजची उपपत्ती याहून बरीच गुंतागुंतीची आहे, तरी तापलेल्या भूमीचे महत्त्व तीत कायम आहे.

आता प्रश्न राहतो माणसाचा. जमिनीचे रूप माणूस बदलतो. तेव्हा हवाही बदलते काय? अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात विसाव्या शतकाच्या प्रारंभी शेतकऱ्यांनी गव्हासाठी लक्षावधी एकर गवताळ जमीन नांगरली. १९३० नंतर सलग अवर्षणे पडली. पिके जळाली, माती धरून ठेवणारे गवत तर आधीच गेले होते, आणि वाऱ्याने मातीच उचलली. मे १९३४ मध्ये ही धूळ दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली. १४ एप्रिल १९३५ रोजी उठलेल्या वादळाने भर दिवसा अंधार केला. लक्षावधी लोकांना घरदार सोडावे लागले. अवर्षणाचे मूळ समुद्राच्या तापमानात होते, असे आता मानले जाते. परंतु उघड्या पडलेल्या जमिनीने आणि उडालेल्या धुळीने ते अधिक तीव्र केले, हेही संशोधनातून पुढे आले आहे. साहेलमध्ये पडलेल्या मोठ्या दुष्काळानंतर ज्यूल चार्नी या शास्त्रज्ञाने १९७५ साली असे सुचविले, की गुरांनी गवत खाऊन उघडी पडलेली फिकट जमीन अधिक प्रकाश परतविते, त्यामुळे तीवरील हवा थंड होऊन खाली बसते, ढग होत नाहीत आणि गवत आणखी कमी होते. साहेलच्या दुष्काळाचे मुख्य कारण पुढे समुद्राच्या तापमानातच सापडले. तरी हवामानाचा विचार करताना जमीन आणि वनस्पती यांना वगळता येत नाही, ही जाणीव चार्नीच्या लेखापासून दृढ झाली.

आपल्याकडे पंजाब-हरियाणातील कालव्यांच्या आणि विहिरींच्या पाण्याने उन्हाळ्यातील जमीन काही अंशी थंड आणि हवा दमट होते, हे उघड झाले आहे. मोसमी पावसावर त्याचा नेमका काय परिणाम होतो याविषयी संशोधन चालू आहे. शहरांची गोष्ट मात्र निर्विवाद आहे. लंडनची रात्र भोवतालच्या खेड्यांपेक्षा उबदार असते हे ल्यूक हॉवर्ड याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच नोंदविले होते. डांबर, दगड आणि सिमेंट दिवसा उष्णता साठवितात, रात्री सावकाश सोडतात, आणि उडण्यास ओल नसल्याने सारी उष्णता हवेच्याच वाट्यास येते. पत्र्याच्या छपराखालील वर्गखोली आणि लिंबाच्या झाडाखालील पार यांतील फरक प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा आहे.

झाडांविषयी वर्गात बोलताना एक सावधगिरी बाळगावी. गावात झाडे लावली की गावात पाऊस पडतो, असे सरसकट सांगणे बरोबर नाही. चार-दोनशे झाडांनी त्या गावचा पाऊस वाढत नाही. आणि लावूनही पाऊस आला नाही, म्हणजे मुलांचा झाडांवरचा विश्वास मात्र उडतो. हजारो किलोमीटर पसरलेल्या अरण्याची गोष्ट वेगळी. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील पावसाचे पाणी झाडांच्या पानांतून पुन्हा हवेत जाऊन पश्चिमेस परत पाऊस होऊन पडते, हे ब्राझीलचे शास्त्रज्ञ एनेआस सालाती यांनी १९७० नंतरच्या दशकात पाण्यातील प्राणवायूच्या निरनिराळ्या प्रकारांवरून दाखवून दिले. गावातील झाडे जे निश्चितपणे करतात ते एवढे, की ती सावली देतात, वारा मंदावतात, माती धरून ठेवतात आणि पडलेला पाऊस जमिनीत मुरण्यास मदत करतात. तेवढ्यासाठीही ती लावण्याजोगी आहेत.

शाळेत या विषयाचे प्रयोग अल्प खर्चात होतात. एकाच आकाराच्या तीन कुंड्यांत किंवा डब्यांत एकाच शेतातील काळी माती भरावी. एक तशीच ठेवावी, दुसरीवर खडूची पूड पसरावी, तिसरी रोज सकाळी सारख्याच मापाने भिजवावी. तिन्ही कुंड्या उन्हात एका ओळीत ठेवून सकाळी आठ, दुपारी बारा, दोन आणि सायंकाळी पाच वाजता दोन बोटे खोल मातीचे तापमान घ्यावे. किमान दोन आठवडे नोंद ठेवल्याखेरीज निष्कर्ष काढू नये. एखाद्या ढगाळ दिवसाने मुलांची फसगत होते. हवेचे तापमान घेताना तापमापक उन्हात धरू नये, भिंतीला टेकवू नये. सावलीत, मोकळ्या वाऱ्यात, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर तो टांगावा. पहाटेची नोंद सूर्योदयापूर्वी झाली पाहिजे, कारण रात्रीचे सर्वांत कमी तापमान साधारणतः त्याच वेळी असते. रामदास थर पाहण्यास मात्र अतिशय नाजूक उपकरणे लागतात. साधा तापमापक स्वतःच रात्री थंड होऊन चुकीचा आकडा दाखवितो, तेव्हा तो प्रयोग शाळेत करू नये. पाऱ्याऐवजी लाल द्रवाचा तापमापक वापरावा, म्हणजे तो मुलांच्या हातून फुटला तरी पारा जमिनीवर सांडण्याचा धोका राहणार नाही.